मोंढ्यातला व्यायाम आणि आप्पांचा पाय

मला माणसं चेहऱ्यावरून फारशी आठवत नाहीत, पायांवरून आठवतात. बाजारात कुणी "सिस्टर, ओळखलं का?" म्हणून थांबवलं की माझी नजर आधी खाली जाते आणि मग डोक्यात उजेड पडतो: उजव्या टाचेची भेग, दिवाळीच्या आधी आले होते, बायको फार बोलायची. माझ्या सुनेला याची लाज वाटते. "आई, माणसाच्या तोंडाकडं बघून बोलत जा," असं ती मला चारचौघांत सांगते. पण नोकरीची बहुतेक वर्षं ज्या बाईनं मधुमेही माणसांचे पाय मांडीजवळ घेऊन धुतले, पुसले आणि बांधले, तिच्याकडून दुसरी अपेक्षा तरी कशी करायची?

नर्सिंग शिकले नांदेडला, पहिली नोकरी किनवटला, आणि लग्नानंतर अहमदपूरला आले ती एका डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यात चिकटले. निवृत्त झाले तीही तिथूनच. सगळंच सांगत बसले तर या अंकाचे संपादक माझं नाव पुढच्या वर्षी काढून टाकतील. म्हणून एकच गोष्ट सांगते, आमच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, लिलावाच्या शेडमध्ये भरणाऱ्या व्यायामाच्या वर्गाची. आयुष्यात मी इतकी मजा दुसऱ्या कुठल्या कामात केलेली नाही.

आधी आमचा धंदा थोडक्यात समजून घ्या. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. खिळा टोचला तरी कळत नाही, चप्पल पायातून निसटून मागं राहिली तरी माणूस तसाच पुढं जातो. जखम होते, पण दुखत नाही. दुखत नाही म्हणून तो खूश असतो आणि आम्ही घाबरलेलो असतो. तो येतो तेव्हा बहुधा घरच्यांना वास आलेला असतो. मग ड्रेसिंग, इंजेक्शनं, सलाईन, आणि नाहीच आवरलं तर गाडी करून लातूर. तिथं बोट जातं, कधी पाऊल जातं.

जळकोटकडची एक बाई अशीच आली होती. शेतात मळणीची रास चालू होती म्हणून तिनं काळं पडलेलं बोट फडक्यात बांधून घरात कुणाला दाखवलंच नव्हतं. तिला गाडीत घालताना ती मला विचारत होती, "आठ दिसांत परत यीन का वो?" ती परत आली, पण पाय गुडघ्याखालून लातूरलाच राहिला. तिचं आजही मला वाईट वाटतं. तिच्या गावात कुणी नुसतं महिन्यातून एकदा पाय बघणारं असतं तर तो वाचला असता.

लोक म्हणतात, दवाखान्याचा खर्च लई. त्यांना बिल दिसतं. मला बिलाच्या मागचं दिसायचं. एक माणूस खाटेवर पडला की दोघं त्याच्यापाशी बसतात. दुकान बंद, नाहीतर पोराच्या हवाली. पोरगी कॉलेज बुडवून डबे करते. भेटायला येणारे पाहुणे बिस्किटाचे पुडे घेऊन येतात, ते रुग्णाला चालत नाहीत, आणि पाहुण्यांना मात्र चहा पाजावा लागतो. दवाखाना फुकटचा असला तरी हे फुकट होत नाही. आणि असा फेरा वर्षातून दोनदा आला की बरं चाललेलं घर बघता बघता खाली बसतं.

हे सगळं आमच्या डॉक्टरांच्या डोक्यात कधीपासून घोळत होतं कोण जाणे. एका सकाळी राउंड घेताना ते म्हणाले, "सिस्टर, तीच माणसं, त्याच खाटा, तेच पाय. कंटाळा आलाय मला. आपण व्यायामाचा वर्ग काढू. सगळ्यांना मोकळा, फी नाही." खालच्या मेडिकलवाल्यानं हे ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला. "डॉक्टर, स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेताय?" तो म्हणाला. डॉक्टरांनी त्यालाच वर्गाची सतरंजी आणायला सांगितलं.

जागा मिळाली मोंढ्यात. धान्याच्या लिलावाचं शेड सकाळी रिकामं असतं, वर पत्रा, खाली सपाट फरशी. बाजार समितीनं एका अटीवर परवानगी दिली, लिलाव सुरू व्हायच्या आत सगळं आवरायचं. मी एका हातात शुगर तपासायचं मशीन आणि दुसऱ्या हातात झाडू घेऊन उभी राहायची. फरशीवरचे खडे, तारा, सुतळीतले काटे आधी झाडून काढायचे, आणि कुणालाही बुटाशिवाय आत घ्यायचं नाही, हे माझे दोन नियम. दुसऱ्या नियमापायी मी बरीच बोलणी खाल्ली.

पहिल्या दिवशी आले ते बघायलाच आले. आडतवाले व्यापारी हात मागं बांधून कडेला उभे. बायका तर शेडकडं फिरकल्याही नाहीत. गंगाराम हमालाला शुगर होती, त्याला मी ओढून आणलं तर तो म्हणाला, "बाई, दिसभर पोती उचलतो मी. मला कसला येयाम शिकवता?" मुद्दा बरोबर होता. त्याला व्यायामाची गरज नव्हती, चहात चार चमचे साखर न घालण्याची गरज होती. पण तो थांबला, आणि थांबला म्हणून वर्ग तरला.

झालं असं की डॉक्टर आकडे मोजायचे ते इंजेक्शन देताना बोलतात तसं, हळू आणि काळजीच्या आवाजात. कुणाचे हातच वर जाईनात. गंगाराम बेजार झाला. त्यानं पुढं होऊन धान्य मापताना ओरडतात तसा हेल काढला. आमच्याकडं माप मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. "लाभ... लाभ... दोन... दोन..." मोंढ्यात जन्म गेलेल्या माणसांचे हात आपोआप उठले. तेव्हापासून आमच्या वर्गात हात वर करणं, उठबस, जागच्या जागी चालणं, सगळं लाभपासून सुरू होतं. बाहेरगावचा एक तरुण व्यायामशिक्षक एकदा बघायला आला होता. तो बराच वेळ पहिला आकडा कुठं गेला ते शोधत होता.

आता मन्मथआप्पा. मोंढ्यातलं त्यांचं आडत दुकान जुनं, माणूस सज्जन, बोलणं कमी. घरी शिवभक्ती कडक. सकाळी अंघोळ करून, हाताच्या तळव्यावर इष्टलिंग घेऊन पूजा झाल्याशिवाय चहासुद्धा घेणार नाहीत. सोयाबीनचा हंगाम आला की ते आमच्याकडं दाखल व्हायचे, कारण हंगामात धावपळ, जेवणाची वेळ नाही, आणि पायाला कुठंतरी लागलेलं असायचं. डाव्या पायाची करंगळी लातूरला आधीच गेलेली होती. तिथल्या सर्जननं त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की पुन्हा जखम घेऊन आलात तर बोटावर भागायचं नाही, पाऊल काढावं लागेल. आप्पांनी हे ऐकून मान डोलावली आणि दुकानात येऊन बसले. पण महानंदाकाकू, त्यांची बायको, त्या दिवसापासून रोज त्यांच्या झोपेत पायांवरचं पांघरूण उचलून बघायच्या. हे काकूंनीच मला सांगितलं. त्या आमच्याच गल्लीत, चार घरं पलीकडं राहतात.

आप्पांची जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांनी त्यांना वर्गात यायला लावलं. आप्पा आले म्हटल्यावर आडतवाले सगळेच आले, कारण मोंढ्यात आप्पा करतात ते बघून करायची रीत आहे. थंडीचे दिवस होते. शेडमध्ये इतकी गर्दी व्हायला लागली की गंगारामचा आवाज बसायचा. आप्पांची शुगर उतरायला लागली. मी खूश, डॉक्टर खूश.

एका सकाळी आप्पा चष्मा शेडमध्ये विसरून गेले. घरी जाता जाता द्यावा म्हणून मी त्यांच्याकडं वळले. काकूंनी दारात हळू आवाजात सांगितलं, "बसा सिस्टरबाई. पूजेत हायत. आज लई रंगलेत. समाधीच लागल्यावानी झालंय." त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. सून पदर सावरून देवघराच्या दाराशी उभी, कुणी हू की चू करत नव्हतं.

मी आत डोकावले. आप्पा पाटावर बसलेले, डाव्या तळव्यावर लिंग, डोळे मिटलेले. पण मान एका बाजूला झुकत होती. बाहेर लोक स्वेटर घालून फिरत होते आणि यांच्या कपाळावरून घाम गळत होता. बोटं थरथरत होती.

"आप्पा," मी हाक मारली.

"हाक मारू नका," काकू घाबरल्या. "पूजा मोडते."

"काकू, ही समाधी न्हाई. शुगर उतरलीय. साखर आणा."

काकू माझ्याकडं बघत राहिल्या. घरात साखर नव्हती. गूळही नव्हता. वर्गात आम्हीच घसा फोडून सांगितलं होतं, साखर डोळ्यांसमोर ठेवूच नका, आणि काकू सांगितलेलं तंतोतंत ऐकणाऱ्या. शेजारी धावावं तर वेळ जाणार. मग मला आप्पांच्या पुढ्यातली वाटी दिसली. नैवेद्याची खडीसाखर.

मी पारोशी होते. घामेजलेली, झाडू मारून आलेली, अंघोळ व्हायची होती. तशीच देवघरात शिरले. देवाला न दाखवलेली खडीसाखर उचलली, तीर्थाच्या पंचपात्रात विरघळवली. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, ते घशात अडकतं. म्हणून आधी आप्पांना हलवलं, "आप्पा, गिळा," म्हटलं. त्यांनी आवंढा गिळला. मग पळीनं थोडं थोडं पाजत राहिले. काकू मागं भिंतीला टेकून "शिव शिव" म्हणत होत्या, ते आप्पांसाठी होतं की माझ्यासाठी, ते मी आजवर विचारलेलं नाही. थोड्या वेळानं आप्पांनी डोळे उघडले. मला देवघरात बघितलं, वाटीकडं बघितलं. लिंग त्यांच्या मुठीत तसंच होतं.

"पूजा ऱ्हायली," ते म्हणाले.

कारण सरळ होतं, आणि ते आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आप्पा उठल्या उठल्या पाण्याबरोबर शुगरची गोळी घ्यायचे, मग वर्गात यायचे, मग घरी जाऊन अंघोळ आणि पूजा, आणि त्यानंतर खाणं. गोळीनं शुगर उतरते, व्यायामानंही उतरते, आणि पोटात काही नसलं की ती उतरतच जाते. पूजा आधी उरकून वर्गात या म्हणावं, तर व्यायामानं घाम येणार, मग परत अंघोळ. आमच्याकडं नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. दिवसातून दोनदा अंघोळ करा असा सल्ला देणाऱ्या नर्सला लोकांनी बाहेरच काढलं असतं.

मोंढ्यात मात्र वेगळंच पसरलं. व्यायामानं आप्पा पडले. पूजा मोडली. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मी, डॉक्टर, गंगाराम आणि एक कुत्रं. गंगारामनं तरी "लाभ" म्हटलं. डॉक्टर हसले नाहीत. आठवडा असाच गेला. आप्पा दुकानाच्या गादीवर बसून राहायचे आणि मी समोरून गेले की हिशेबात डोकं घालायचे. मला राग येत नव्हता, भीती वाटत होती. हा माणूस असाच बसून राहिला की शुगर चढणार, हंगाम येणार, कुठंतरी खडा रुतणार, आणि मग लातूर. मला त्यांचं पाऊल दिसायचं, आणि ते नसलेला पायही दिसायचा.

शेवटी काकूच माझ्याकडं आल्या. त्यांचं माहेर उदगीरच्या पलीकडचं, चिडल्या की कानडी बोलतात. "साकु," त्या म्हणाल्या, म्हणजे पुरे झालं. "चला मठात. स्वामींनाच विचारू. ह्ये मनात धरून बसलेत, खातबी न्हाईत नीट." आप्पांनाही त्यांनी जवळजवळ ढकलतच आणलं.

मठातले स्वामी वयस्कर, पोट सुटलेले, आवाज मऊ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी पारोशी होते हेही मीच सांगितलं, लपवून काय करणार? स्वामींनी आप्पांना विचारलं, "लिंग हातातनं सुटलं का?"

"न्हाई स्वामी."

"जीव?"

आप्पांनी नकारार्थी मान हलवली.

"मग मोडलं काय? पूजेतली साखर पूजा करणाऱ्याच्याच पोटात गेली. जरा आधी गेली, एवढंच की." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, गोळी कधी घ्यायची ते नीट सांगा ह्यांना. पूजेचं आमी बगतो."

मी सांगितलं. आमच्या डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली होती, पूजा झाल्यावर, ताटावर बसताना घ्यायची. खिशात खडीसाखरेची पुडी ठेवायची, आणि घाम सुटून हात थरथरायला लागले तर देव थांबतो, पण शुगर थांबत नाही, हे लक्षात ठेवायचं. स्वामी मान डोलावत होते. आम्ही उठलो तसे ते हळूच म्हणाले, "ते मशीन आणलंय का? माझंबी जरा बगा की." बघितलं. बरीच जास्त होती. आप्पा त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले, आणि स्वामीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा शेडमध्ये आले, आणि त्यांच्यामागून काकू. नऊवारीचा काष्टा घट्ट, पायात सुनेचे बूट. "मी ह्यांच्यावर नजर ठेवाया आलेय," असं त्यांनी सगळ्या व्यापाऱ्यांना सांगून टाकलं आणि मागच्या बाजूला उभ्या राहिल्या. चार दिवसांत गल्लीतल्या बायका कुणा ना कुणावर नजर ठेवायला आल्या. पुरुषांचं "लाभ, दोन" त्यांना जमेना, लाज वाटायची. मग काकूंनी शेडच्या दुसऱ्या टोकाला फेर धरला, पंचमीला धरतात तसा. गाणी पाठ होतीच. साठीच्या बायकांनी फुगड्या घातल्या, दम लागला की हसत बसकण मारली, परत उठल्या. अशा फेरात शुगर किती उतरते ते मी तपासलं आहे. चांगली उतरते. पहिल्यांदाच तपासल्यावर कळलं की काकूंनाही शुगर आहे.

वर्गानं कुणाकुणाचा किती खर्च वाचवला ते छातीठोकपणे सांगायला माझ्याकडं काही नाही. काही जण तरीही दाखल झाले. काहींनी चार दिवस हातवारे केले आणि जिलेबीवर ताव मारला. गोळ्या वेळेवर घ्यायला लागले म्हणून फरक पडला की हातपाय हलवले म्हणून, हे डॉक्टरही सांगत नाहीत. पण हंगाम आला, मोंढ्यात सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागली, आणि आमच्या वॉर्डात दुपारी मला डुलकी काढता यायला लागली. मेडिकलवाला तक्रार करायला आला तेव्हा डॉक्टरांनी त्याची शुगर तपासली, आणि दुसऱ्या दिवसापासून तोही शेडमध्ये दिसू लागला.

हंगाम संपल्यावर आप्पांची लातूरला तपासणी होती. मी नुकतीच निवृत्त झाले होते. काकू म्हणाल्या, "तुमी चला संगं. मला एकटीला धीर न्हाई." स्टँडवर गेले तर काकूंजवळ भलंमोठं बोचकं. सतरंजी, चादर, तांब्या, आप्पांची दोन धोतरं, ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगाचटणी, तळलेल्या मिरच्या. आजवर लातूरला तपासणीला म्हणून गेले की आप्पांना ठेवूनच घ्यायचे. काकूंनी सवयीनं बांधलं होतं. मी बोचक्याची सुटत आलेली गाठ घट्ट केली.

सर्जननं आप्पांचे दोन्ही पाय टेबलावर घेतले. तळवा दाबला, बारीक ताठ दोऱ्यानं ठिकठिकाणी टोचून कळतंय का ते विचारलं, नाडी बघितली, बोटांच्या बेचक्यात बॅटरी मारली. आप्पा छताकडं बघत होते. काकू माझा हात इतका घट्ट धरून होत्या की बांगडी रुतत होती.

"काही करायचं नाही," सर्जन म्हणाले. "पाय छान आहे. जे चालू आहे ते चालू ठेवा. जा घरी."

आप्पा उठेनात. "म्हंजे पाय ऱ्हातोय?"

"राहतोय की. घेऊन जा."

बाहेर आल्यावर मला रडू येत होतं आणि निवृत्त नर्सनं रस्त्यात रडणं बरं दिसत नाही म्हणून मी रिक्षा शोधायला लागले. आप्पा म्हणाले, "रिक्षा कशाला? स्टँड काय लांब हाय?" आणि चालू पडले, बोचकं स्वतःच्या खांद्यावर टाकून.

स्टँडवर गाडीला वेळ होता. काकूंनी दवाखान्याच्या फरशीवर अंथरायची सतरंजी कडुलिंबाच्या सावलीत अंथरली. "चार दिसांचं बांधलंय," त्या म्हणाल्या. "परत न्यायचं न्हाई." आम्ही खाल्लं. शेजारी बसलेल्या किल्लारीकडच्या जोडप्याला दिलं, त्यांच्या नातवाला दिलं, कंडक्टरला हाक मारून दिलं. मिरच्या इतक्या तिखट होत्या की आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

अहमदपूरची गाडी लागली. आप्पांनी दांड्याला हात न लावता पायरी चढली, एक पाय, मग दुसरा. काकू खाली उभ्या राहून त्यांच्या पायांकडं बघत होत्या. मी इतकी वर्षं माणसांकडं जशी बघत आले, अगदी तशाच.

"दोन्ही हायत," त्या म्हणाल्या, आणि मग मला पुढं करून माझ्यामागून चढल्या.